रॉथ्कोच्या नावाचं लाल-काळं चित्र : न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीचं प्रकरण

2004 सालच्या नोव्हेंबरमध्ये डोमेनिको आणि एलिनॉर डी सोल हे जोडपं न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीत गेलं, ते शॉन स्कली या चित्रकाराचं काम मिळतंय का हे बघायला. स्कलीचं चित्र गॅलरीकडे नव्हतं. पण गॅलरीच्या अध्यक्ष ॲन फ्रीडमन यांच्या खोलीत दोन चित्रं होती. एक जॅक्सन पोलॉकच्या नावाचं आणि दुसरं मार्क रॉथ्कोच्या नावाचं, 1956 सालचं, शीर्षक नसलेलं, लाल आणि काळ्या रंगाचं. डी सोल यांना रॉथ्को आवडला. 83 लाख डॉलर मोजून त्यांनी तो घेतला आणि साउथ कॅरोलिनातल्या हिल्टन हेड इथल्या आपल्या घरात लावला. पुढची सात वर्षं तो तिथे होता.

ते चित्र रॉथ्कोनं काढलेलं नव्हतं. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात राहणाऱ्या एका चिनी चित्रकारानं ते काढलं होतं आणि त्याच्या हातात काही हजार डॉलर पडले होते.

अमूर्त अभिव्यक्तिवादी, म्हणजे रॉथ्को-पोलॉकच्या पिढीतल्या अमेरिकन अमूर्त चित्रांच्या बाजारातलं हे सर्वांत गाजलेलं बनावट प्रकरण. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय आणि माहितीपटही निघाले आहेत. तरीही ते नीट मांडून बघण्यासारखं आहे. यातली बहुतेक चर्चा ‘तज्ज्ञांची नजर कशी फसली’ याभोवती फिरते. मला तो भाग दुय्यम वाटतो. नजर फसते, सगळ्यांची फसते. नजरेची गरज नव्हती अशा जागी काय घडलं, म्हणजे पावत्यांत, पत्रांत, खरेदी-विक्रीच्या आकड्यांत, त्यात या प्रकरणाचा जीव आहे.

गॅलरीचं वजन

नोडलर ही कुठली तरी नवखी पेढी नव्हती. 1846 साली सुरू झालेली, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयापेक्षा चोवीस वर्षांनी मोठी. उद्योगपती आणि संग्राहक हेन्री क्ले फ्रिक इथून चित्रं घेत असे. 1930 आणि 31 साली सोव्हिएत सरकारनं हर्मिटाज या आपल्या संग्रहालयातली चित्रं गुपचूप विकली, ती अमेरिकन धनिक अँड्र्यू मेलन यांच्यापर्यंत पोचवण्याच्या व्यवहारात नोडलर होती, आणि त्यातलीच चित्रं पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीचा पाया ठरली. 1971 मध्ये तेल-उद्योगपती आर्मांड हॅमर यांनी गॅलरी विकत घेतली. नंतर ती त्यांचा नातू मायकल हॅमर याच्या कंपनीकडे आली. फ्रीडमन 1977 पासून तिथे काम करत होत्या आणि 1994 मध्ये अध्यक्ष झाल्या.

अशा दारातून आत आलेला माणूस चित्राबद्दल प्रश्न विचारतो, गॅलरीबद्दल विचारत नाही. डी सोलही साधे गिऱ्हाईक नव्हते. गुची ही फॅशन कंपनी बुडीत निघाली असताना ती वर काढणारा हा माणूस, आणि पुढे सदबीज या लिलावसंस्थेचाच अध्यक्ष झालेला. व्यवहार त्याला चांगला कळत होता. एवढा मुरलेला माणूसही गॅलरीच्या नावावर विसंबला, ही गोष्ट मी त्याच्या भाबडेपणाची खूण मानत नाही. तो बाजार चालतोच तसा.

माल कुठून आला

1990 च्या दशकाच्या मध्यात ग्लाफिरा रोझालेस नावाची लाँग आयलंडवरची एक फारशी कोणाला माहीत नसलेली विक्रेती नोडलरमध्ये चित्रं घेऊन येऊ लागली. आधी रिचर्ड डीबेनकॉर्नच्या नावाची रेखाटनं, मग रॉथ्को, पोलॉक, मदरवेल, डी कूनिंग, क्लिफर्ड स्टिल, बार्नेट न्यूमन. यातलं एकेक नाव मिळवायला मोठमोठ्या गॅलऱ्या वर्षानुवर्षं वाट बघतात. इथे ती एका बाईच्या गाडीतून ओळीनं उतरत होती, आणि एकही चित्र आधी कुठल्या प्रदर्शनात, कुठल्या पुस्तकात, कुठल्या फोटोत दिसलेलं नव्हतं.

रोझालेसची कहाणी अशी : परदेशात राहणाऱ्या एका श्रीमंत संग्राहकानं 1950 च्या दशकात ही चित्रं थेट चित्रकारांकडून रोख पैसे देऊन घेतली. आता तो हयात नाही, मुलगा ती विकतोय, पण घराण्याला नाव बाहेर येऊ द्यायचं नाही. गॅलरीच्या कागदपत्रांत या माणसाला ‘मिस्टर एक्स’ म्हटलं जाई आणि मुलाला ‘मिस्टर एक्स ज्युनियर’. पावती नाही, पत्र नाही, विम्याचा कागद नाही, सीमाशुल्काची नोंद नाही. मुलाला गॅलरीतलं कोणीही कधी भेटलं नाही.

सुरुवातीला सांगितलं गेलं की हा व्यवहार अल्फोन्सो ओसोरिओ यांच्यामार्फत झाला. ओसोरिओ हे स्वतः चित्रकार, पोलॉकचे मित्र, त्यामुळे गोष्ट बसत होती. पुढे ती बसेना, तेव्हा मध्यस्थ बदलला आणि त्या जागी डेव्हिड हर्बर्ट या 1995 मध्ये वारलेल्या विक्रेत्याचं नाव आलं. माझ्या मते सगळं प्रकरण इथेच उघडं पडायला हवं होतं. जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्यावरचं आधीच्या मालकाचं नाव विकणाऱ्यानं मधेच बदललं, तर गावातला कोणीही माणूस उठून जाईल. इथे मालकीचा इतिहास बदलला आणि विक्री चालूच राहिली.

पाच हजार, साडेनऊ लाख, 83 लाख

डी सोल यांनी 83 लाखांना घेतलेलं चित्र गॅलरीनं रोझालेसकडून साडेनऊ लाख डॉलरना घेतलं होतं. जवळजवळ नऊपट. गॅलरीचा नफा किती असावा यावर कायद्याचं बंधन नाही, आणि जोखीम घेऊन केलेल्या खरेदीवर मोठी कमाई होऊ शकते हेही खरं. पण रॉथ्कोचं अस्सल चित्र वारसानं मिळालेला माणूस, ज्याला घाई नाही आणि पैशाची चणचण नाही, तो साडेनऊ लाखांवर समाधान का मानेल? 2005 च्या नोव्हेंबरमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात रॉथ्कोचं ‘होमेज टू मातीस’ 2 कोटी 24 लाख डॉलरना गेलं. दोन्ही चित्रं सारखी नव्हती, तुलना तंतोतंत नाही. पण बाजार कुठे होता हे त्यावरून कळतं. हा एकच आकडा, गॅलरीचा खरेदीभाव, बाकी सगळ्या पुराव्यांपेक्षा मोठ्यानं बोलत होता, आणि तो ग्राहकाला दिसत नव्हता.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला पेइ-शेन च्यान होता. त्याच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बातम्यांत तो नुसता ‘गॅरेजमधला नकलाकार’ म्हणून येतो. सांस्कृतिक क्रांतीनंतर, 1979 मध्ये, शांघायला बारा चित्रकारांचं एक प्रदर्शन झालं. सरकारी छापाबाहेरची चित्रं तिथे उघडपणे लावण्याचं ते धाडस होतं, आणि त्या बारांत च्यान होता. 1981 मध्ये तो अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकला. ज्या कलेसाठी तो मायदेश सोडून आला, तिथे त्याला कोणी विचारलं नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मॅनहॅटनच्या फुटपाथवर चित्रं विकताना तो रोझालेसचा जोडीदार होझे कार्लोस बेर्गांतिन्योस दियास याच्या नजरेस पडला.

पुढचं काम कसं चालायचं ते सरकारी आरोपपत्रात आहे. बेर्गांतिन्योस जुने कॅनव्हास शोधून आणायचा, जुने रंग आणून द्यायचा. नवा कॅनव्हास असेल तर चहाच्या पिशव्यांनी त्याला डाग दिले जायचे. चित्र ऊन, थंडी, हवेत ठेवून त्याला वय चढवलं जायचं. एका चित्राला च्यानला काही हजार डॉलर मिळत. 2005 च्या एका व्यवहारात 5,400 डॉलरची नोंद आहे. आपलंच एक चित्र एका कलामेळ्यात कितीतरी पट किमतीला लागलेलं बघून त्यानं दर वाढवून मागितला, असंही आरोपपत्र म्हणतं. म्हणजे त्याला काहीच ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. पण इतका तयारीचा हात स्वतःच्या नावावर विकला जात नव्हता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाजलेल्या घंटा

फसवणूक पंधरा वर्षं चालली, पण ती अंधारात चालली नाही. डीबेनकॉर्नच्या घरच्यांनी अगदी सुरुवातीलाच त्या रेखाटनांबद्दल शंका कळवली होती.

दुसरी घंटा सर्वांत मोठी. 2001 मध्ये गोल्डमन सॅक्समधले जॅक लेव्ही यांनी नोडलरकडून पोलॉकच्या नावाचं एक चित्र 20 लाख डॉलरना घेतलं. घेताना त्यांनी एक अट घातली : न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल फाउंडेशन फॉर आर्ट रिसर्च या संस्थेनं ते तपासावं. या संस्थेनं 2003 मध्ये चित्र पोलॉकचं म्हणून स्वीकारायला नकार दिला. ओसोरिओची कहाणी पटत नाही, हे एक कारण. लेव्हींनी पैसे परत मागितले, गॅलरीनं ते दिले. हातात काही नसलेला ग्राहक आणि लेव्ही यांच्यात फरक एवढाच होता की लेव्हींनी अट कागदावर घेतली होती.

मध्यस्थाचं नाव बदललं ते यानंतर. आणि डी सोल गॅलरीत आले तेही यानंतर, सुमारे वर्षभरानं. त्याच बाईकडून, त्याच ‘संग्रहा’तून आलेलं एक चित्र तज्ज्ञ संस्थेनं नाकारलंय, हे त्यांना सांगितलं गेलं नाही. त्यांना मिळालं ते फ्रीडमन यांच्या सहीचं पत्र. रॉथ्कोच्या कामाचे जाणकार असलेल्या अनेकांनी हे चित्र पाहिलं आहे असं म्हणून त्यात नावांची यादी दिली होती. रॉथ्कोच्या कॅनव्हासवरील चित्रांची समग्र सूची तयार करणारे डेव्हिड ॲनफॅम त्यात होते, रॉथ्कोचा मुलगा ख्रिस्तोफर होता. खटल्यात या मंडळींनी साक्ष दिली : आम्ही चित्राला खरेपणाचा दाखला दिलेला नाही, आणि आपलं नाव असं वापरलं जातंय याची आम्हाला कल्पना नव्हती. पत्रात कुठेही ‘यांनी चित्र अस्सल ठरवलं’ असं लिहिलेलं नव्हतं. वाचणाऱ्याचा मात्र तोच समज होणार.

तिसरी घंटा मदरवेलची. त्याच्या कामाची राखण करणाऱ्या डेडलस फाउंडेशनचे जॅक फ्लॅम यांना ‘स्पॅनिश एलजी’ मालिकेतल्या म्हणून नव्यानं निघालेल्या काही चित्रांचा संशय आला आणि त्यांनी पाठ सोडली नाही. यातलं एक चित्र दुसऱ्या एका विक्रेत्यामार्फत आयर्लंडच्या कंपनीकडे गेलं होतं. त्याच्यावरचा दावा 2011 मध्ये मिटला, तेव्हा चित्राच्या पाठीवर न पुसणाऱ्या शाईनं ‘बनावट’ असा शिक्का मारायचं ठरलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत योग्य वाटलेली कृती ही. पैसे परत दिल्यानं बनावट चित्र बाजारातून जात नाही. शिक्क्यानं जातं.

आणि एक बारकी गोष्ट, जी मला अजूनही पटत नाही. फ्रीडमन यांनी स्वतःसाठी रोझालेसकडून पोलॉकच्या नावाचं एक चित्र 2,80,000 डॉलरना घेतलं होतं. त्यावरच्या सहीत ‘पोलॉक’ या नावातलं एक अक्षर गळालेलं होतं. त्यांच्या बाजूचे लोक म्हणाले, बघा, त्यांचा विश्वास इतका होता की स्वतःचे पैसे घातले. कदाचित असेल. पण चित्रकाराच्या सहीत स्पेलिंग चुकलेलं असताना पुढे तपास करावासा न वाटणं, हे त्या पदावरच्या माणसाला शोभत नाही.

कॅनव्हासखालचा थर

2007 मध्ये लंडनचे गुंतवणूकदार पिएर लाग्रांज यांनी नोडलरमधलं पोलॉकच्या नावाचं चित्र 1 कोटी 70 लाख डॉलरना घेतलं. 2011 मध्ये ते विकायला काढलं, तर सदबीज आणि ख्रिस्तीज दोघांनीही हात लावला नाही. लाग्रांज यांनी ते जेम्स मार्टिन या तज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत तपासायला दिलं. पोलॉक 1956 मध्ये अपघातात वारला. चित्रातले काही पिवळे रंग त्याच्या मृत्यूनंतर तयार झालेले निघाले. अहवाल गॅलरीच्या हाती पडला आणि लगेच, नोव्हेंबर 2011 च्या शेवटी, 165 वर्षं चाललेल्या गॅलरीनं दार बंद केलं. फ्रीडमन 2009 मध्येच बाहेर पडल्या होत्या. लाग्रांज यांनी गॅलरीवर लावलेल्या दाव्याची बातमी वाचून डी सोल यांना आपल्या भिंतीवरच्या चित्राची शंका आली आणि 2012 मध्ये त्यांनी दावा लावला.

त्यांच्या रॉथ्कोची गंमत रंगाच्या वरच्या थरात नव्हती, सगळ्यांत खालच्या थरात होती. त्या काळात रॉथ्को कॅनव्हासवर प्राण्यांच्या कातड्याच्या सरसात रंगद्रव्य मिसळून पातळ हात देत असे आणि त्यावर पातळ, जवळजवळ पारदर्शक थरांवर थर चढवत असे. त्याच्या चित्रांतला उजेड आतून आल्यासारखा वाटतो तो यामुळे. मार्टिन यांना डी सोल यांच्या चित्राखाली पांढरा, झाकणारा थर सापडला. जुन्या कॅनव्हासवरचं आधीचं काम लपवायचं तर असा थर द्यावाच लागतो. डोळ्याला वरून लाल-काळं तेच दिसत होतं. हाताची पद्धत वेगळी होती.

‘हे तर लहान मूलही काढेल, मग नक्कल करणं काय अवघड’ असं या प्रकरणावर आपल्याकडेही ऐकू येतं. मला हे अजिबात मान्य नाही. च्यान लहान मूल नव्हता, त्याच्यामागे काही दशकांचा रियाझ होता. आणि नजर फक्त अमूर्तापुढे फसते असंही नाही. 1937 मध्ये हान व्हान मेगरेननं काढलेल्या चित्राला आब्राहम ब्रेडियस या मोठ्या डच अभ्यासकानं व्हर्मीरची उत्कृष्ट कृती ठरवलं होतं. त्यात माणसं होती, चेहरे होते, जेवणाचं टेबल होतं. फसवणूक शैलीमुळे चालत नाही, चित्र मालकीच्या कागदावाचून खपतं तेव्हा चालते.

न्यायालयात

रोझालेसनं सप्टेंबर 2013 मध्ये गुन्हा कबूल केला. साठच्या वर चित्रं, दोन विक्रेत्यांमार्फत एकूण 8 कोटी डॉलरहून जास्त विक्री. 2017 मध्ये न्यायालयानं तिला आधी भोगलेल्या कोठडीवर सोडलं, शिवाय काही महिने घरातच स्थानबद्ध राहायची अट आणि 8 कोटी 10 लाख डॉलरची भरपाई. च्यान तोवर चीनला निघून गेला होता.

डी सोल यांचा दिवाणी खटला 25 जानेवारी 2016 ला मॅनहॅटनच्या फेडरल न्यायालयात सुरू झाला. चित्र न्यायालयात ज्युरींसमोर ठेवलं होतं. बचावाचा मुख्य मुद्दा असा की फ्रीडमन स्वतःही फसल्या, आणि डी सोल यांच्यासारख्या जाणत्या ग्राहकानं आपली चौकशी आपण करायला हवी होती. पहिला अर्धा भाग खरा की खोटा हे मी ठरवू शकत नाही. फ्रीडमन यांच्यावर फौजदारी आरोप कधीच ठेवले गेले नाहीत आणि आपण प्रामाणिकपणे विश्वास ठेवला हे त्या सतत सांगत आल्या आहेत. दुसरा अर्धा भाग मात्र मला पटत नाही. ग्राहकानं कशाची चौकशी करायची? खरेदीभाव गॅलरीच्या वहीत, लेव्हींच्या चित्राचा अहवाल गॅलरीच्या कपाटात, मालकाचं नाव तर गॅलरीकडेही नाही. ज्याच्या हातात सगळी माहिती आहे त्यानं, ज्याच्या हातात काहीच नाही त्याला ‘तू का नाही विचारलंस’ म्हणणं हा न्याय नव्हे. हिशेबनीसाच्या साक्षीतून हेही पुढे आलं की रोझालेसच्या मालाची कमाई वजा केली तर त्या वर्षांत गॅलरी तोट्यात होती.

गायतोंडे आणि आपण

हे वाचताना मला सतत वासुदेव गायतोंडे आठवत होते. नागपूरला 1924 मध्ये जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले, रॉकफेलर शिष्यवृत्तीवर 1964 मध्ये न्यूयॉर्कला गेलेले. रॉथ्कोशी त्यांची तुलना नेहमी होते. ते कमी काढायचे, सावकाश काढायचे. हयातीत बाजारानं त्यांची फार दखल घेतली नाही. 2001 मध्ये ते गेले. 2013 मध्ये ख्रिस्तीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचं चित्र 23 कोटी 70 लाख रुपयांना गेलं आणि त्यानंतर भाव चढतच गेले. मृत चित्रकार, थोडी चित्रं, चढते भाव : नोडलरमध्ये जे तीन घटक जमले होते तेच हे. सय्यद हैदर रझांच्या बाबतीत तर चित्रकार हयात असताना घडलं. 2009 मध्ये दिल्लीत त्यांच्या सुरुवातीच्या कामांचं म्हणून प्रदर्शन लागलं, उद्‌घाटनाला ते स्वतः गेले आणि भिंतीवरची बहुतेक चित्रं आपली नाहीत हे त्यांनीच सांगितलं.

पुण्या-मुंबईत, आणि परदेशातल्या मराठी घरांतही, आता मूळ चित्र विकत घेणारी माणसं आहेत. फ्रेम करून, प्रमाणपत्रासह देऊ केलेलं चित्र घेताना माझा आग्रह पाठीपासून सुरुवात करण्याचा आहे. फ्रेमचा मागचा पुठ्ठा काढून कॅनव्हासची पाठ, ताणपट्टीचं लाकूड, खिळे, जुनी लेबलं बघू द्यायला सांगा. चित्र आधी कोणाकडे होतं त्याचे कागद मागा, आणि तज्ज्ञानं नुसतं चित्र पाहिलं असेल तर त्याचं स्वतःच्या सहीचं मत मागा. त्रयस्थ तपासणीत चित्र नाकारलं गेलं तर पैसे परत, ही लेव्हींची अट करारात लिहून घ्या. विकणारा यातल्या कशालाही रागावला, तर चित्र कितीही सुंदर असलं तरी तिथून निघा.

डी सोल यांच्या खटल्यात फ्रीडमन साक्षीला उभ्या राहणार, हे सगळे वाट बघत होते. त्याआधीच, 7 फेब्रुवारीला, त्यांनी तडजोड केली. तीन दिवसांनी गॅलरी आणि तिच्या मालक कंपनीनंही केली. अटी गुप्त राहिल्या. याच चित्रांवरून झालेले दहा दावे होते, आणि त्यातला शेवटचाही 2019 मध्ये असाच बाहेर मिटला. गॅलरीतल्या कोणाला काय आणि कधी कळलं होतं, यावर कुठल्याही ज्युरीला निकाल द्यावा लागला नाही.